सोव्हिएत युद्धपदकं: जमवणं आणि ज्यांना मिळाली त्यांचा शोध

वेताळटेकडी

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तीन वर्षं रशियन शिकले. पुढे नोकरीनिमित्त बर्लिनला आले आणि ती भाषा ऑफिसात कधीच लागली नाही. लागली ती रविवारच्या जुन्या बाजारात. पूर्व जर्मनीत सोव्हिएत फौजा १९९४ पर्यंत होत्या, त्यामुळे इथल्या बाजारात त्यांच्या टोप्या, पट्टे, बिल्ले अजून दिसतात. बहुतेक माल पर्यटकांसाठीचाच असतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका टेबलावर बिल्ल्यांच्या डब्यात एक तारा हाताला लागला. बाकीचे बिल्ले ॲल्युमिनियमचे, हलके. हा जड होता. गडद लाल मीना, मध्ये लांब कोट घातलेला, बंदूक घेतलेला सैनिक, त्याच्याभोवती बारीक अक्षरांत 'जगातील कामगारांनो, एक व्हा'. एका टोकाचा मीना उडालेला आणि खालची चांदी काळवंडलेली. ही 'क्रास्नाया झ्वेझ्दा', म्हणजे ऑर्डर ऑफ द रेड स्टार. सोबत कडा झिजलेली एक छोटी पुस्तिका होती. त्या पुस्तिकेतला आकडा आणि ताऱ्याच्या मागे कोरलेला आकडा भिंगातून जुळवून पाहिला, तर एकच! त्या दिवसापासून हा छंद लागला. म्हणजे लोक त्याला छंद म्हणतात म्हणून मीही म्हणते.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सोव्हिएत सन्मानांत 'ओर्देन' वरचे आणि 'मेडल' खालची. क्रास्नाया झ्वेझ्दा १९३० साली सुरू झालं, एकूण ३८ लाखांहून जास्त वेळा दिलं गेलं. म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही. पण ओर्देनवर क्रमांक असतो, आणि तो क्रमांक कुणाला दिला याची नोंद असते. ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच पदकांच्या कडेवर सैनिकाचं नाव कोरलं. सोव्हिएत पद्धतीत नाव नाही, नुसता आकडा. त्यामुळे वस्तू हातात आली तरी माणूस कागदांतच शोधावा लागतो.

माझ्याकडे पुस्तिका होती, म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव तिन्ही होती. रशियन नावांची रचना आपल्यासारखीच, मध्ये वडिलांचं नाव. शोध घेताना हे मधलं नावच खरं कामाला येतं, कारण नुसत्या नाव-आडनावाने हजार माणसं निघतात. रशियन संरक्षण मंत्रालयाने २०१० साली 'पोद्विग नारोदा' आणि २०१५ साली 'पाम्यात नारोदा' ही संकेतस्थळं सुरू केली. मॉस्कोजवळच्या पोदोल्स्क गावी त्यांचं मध्यवर्ती अभिलेखागार आहे, तिथल्या कागदांच्या प्रतिमा त्यांवर पाहता येतात. नाव टाकलं, जन्मसाल टाकलं आणि चौथ्या प्रयत्नात त्याचा 'नग्राद्नोय लिस्त' समोर उघडला.

हा कागद म्हणजे पुरस्काराची शिफारस. वर रकाने असतात: हुद्दा, तुकडी, जन्मसाल, राष्ट्रीयत्व, पक्षाचा सदस्य आहे का, कधी जखमी झाला, कुठल्या भरती कार्यालयातून आला, घरचा पत्ता. खाली 'वैयक्तिक पराक्रमाचं थोडक्यात आणि नेमकं वर्णन' अशी छापील ओळ आणि त्याखाली कारकुनाचं हस्ताक्षर.

तो टेलिफोनची लाइन सांभाळणारा शिपाई होता. जन्म १९२३, वोलोग्दा प्रांतातलं एक खेडं. प्रसंग १९४३ च्या शरद ऋतूतला, नीपर नदी ओलांडतानाचा. पलीकडच्या काठावर पोचलेल्या तुकडीपर्यंत नेलेली तार तोफगोळ्यांनी सारखी तुटत होती. एका रात्रीत त्याने अकरा ठिकाणी ती जोडली, त्यातल्या काही जोडण्या नावेतून, असं त्या कागदात आहे. खाली रेजिमेंटच्या कमांडरने याहून मोठ्या सन्मानाची, रेड बॅनरची, शिफारस केलेली. वरच्या अधिकाऱ्याने ती बदलून क्रास्नाया झ्वेझ्दा केलं. घरचा पत्ता म्हणून आईचं नाव.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. तारा टेबलावर होता. तो उचलून परत डब्यात ठेवायला हात धजेना.

माझं मत आहे की क्रमांकाचं पदक घेतलं तर माणूस शोधायचा, नाहीतर घेऊ नये. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. आणि एक मदत हवी आहे. तो युद्धातून परत आला का हे मला कळलेलं नाही. मृत आणि बेपत्ता सैनिकांच्या 'मेमोरियल' या नोंदींत त्याचं नाव सापडत नाही, पण तेवढ्यावरून काही ठरत नाही. पुस्तिकाही युद्धकाळातलीच, म्हणजे तिच्यावरूनही पुढचं कळत नाही.

(त्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही. त्याचे नातेवाईक असतील.)

नाणेवेडा

अप्रतिम धागा. मी शिवराई आणि संस्थानी नाणी जमवतो, त्यामुळे 'जड लागला' हे वाचूनच पुढचं कळलं. दोन प्रश्न. एक, काळवंडलेली चांदी तुम्ही साफ केलीत का? दुसरा, नकली माल ओळखता कसा?

वेताळटेकडी

नाणेवेडा, साफ अजिबात केलेली नाही आणि कुणी करूही नये. आपल्याकडे काळं पडलेलं दिसलं की चिंच-मीठ घेऊन बसतात. पदकावर तसं केलं तर आकड्याच्या कडा बोथट होतात, मीन्याच्या भेगांत ओल शिरते आणि तो पापुद्र्याने सुटतो. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपायची, बस.

नकली मालाचं दुखणं मोठं आहे. साधी नक्कल ओळखता येते: अक्षरं सुजलेली दिसतात, सैनिकाचा चेहरा साबणाचा वाटतो. अवघड असतं ते खरं पदक आणि बदललेला आकडा. ज्या क्रमांकाचा माणूस प्रसिद्ध किंवा ज्याची कागदपत्रं हाती आहेत, तो क्रमांक दुसऱ्याच ताऱ्यावर ठोकायचा. मला एका विक्रेत्याने असंच एक विकलं. घरी आल्यावर तिरप्या उजेडात धरलं तर आकड्यांच्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट, आधीचा आकडा घासून काढलेला. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे की ज्याचा आकडा घासला तो माणूस आता त्या वस्तूपासून कायमचा तुटला. तो आता कुणालाच सापडणार नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. प्रत्येक क्रास्नाया झ्वेझ्दा लढाईतल्या पराक्रमासाठीच असतो असं नाही. जून १९४४ पासून सैन्यातल्या १५ वर्षांच्या सेवेलाही तो मिळू लागला, २० वर्षांना रेड बॅनर, २५ ला ऑर्डर ऑफ लेनिन. १९५० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. त्यामुळे विक्रेता 'वीराचं पदक' म्हणाला तरी कागद बघितल्याशिवाय मान डोलवू नये.

मोडीवाचक

तुम्ही त्या हस्ताक्षराबद्दल फार लिहिलं नाहीत, पण माझं सगळं लक्ष तिथेच गेलं. मी मोडी कागद वाचतो. रशियन जोडअक्षरी लिखाण पाहिलं की तीच घालमेल होते: सगळ्या उभ्या रेघा सारख्या, हात न उचलता लिहिलेलं, कुठे अक्षर संपतं कळत नाही. तुम्ही कसं लावता?

वेताळटेकडी

अगदी तसंच. छापील 'त' हाताने लिहिला की इंग्रजी 'एम'सारखा दिसतो, 'द' हा 'जी'सारखा, आणि 'इ', 'श', 'म' शेजारी आले की नुसत्या खुंट्या. त्यातून शाई जांभळी, कागद मागून फुटलेला. मी आधी एकाच कारकुनाची पाच-सहा पानं काढते. एकाच दिवशी त्याने डझनभर माणसांच्या शिफारशी लिहिलेल्या असतात. ओळखीचे शब्द (शत्रू, गोळीबार, संपर्क, रात्री) आधी शोधायचे, त्यांवरून त्याची अक्षरं शिकायची आणि मग आपल्या माणसाच्या पानावर यायचं. तुम्ही मोडीत हेच करत असाल.

नावांचा घोळ वेगळाच. उझबेक, कझाक, तातार सैनिकांची नावं रशियन कारकुनाने कानाला आली तशी लिहिली आहेत. एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांत तीन तऱ्हेचं असतं. अशा वेळी जन्मसाल आणि भरती कार्यालय धरून शोधावं लागतं.

मोडीवाचक

हो, 'आधी कारकून वाचायचा, मग कागद' असं आमचे गुरुजी म्हणायचे. वाचनखूण साठवली आहे.

कृष्णाकाठ

लेख वाचला, मनापासून लिहिलाय हे दिसतं. पण मला हे पटत नाही. कुणीतरी रात्रभर गोळीबारात तारा जोडल्या, त्याबद्दल मिळालेली वस्तू आपण बाजारात पैसे टाकून घ्यायची? माझे आजोबा सातारचे, मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढले. त्यांची पदकं घरात पेटीत आहेत. ती उद्या परदेशातल्या कुणाच्या भिंतीवर लटकलेली पाहिली तर मला कसं वाटेल? तुम्ही त्याचं नाव शोधलंत म्हणून ती तुमची होते का?

वेताळटेकडी

कृष्णाकाठ, नाही, माझी होत नाही. तुमचा प्रश्न मला बोचलेला आहे, आजचा नाही, दोन वर्षांपासूनचा.

ही पदकं बाजारात कशी आली ते पाहा. युद्धात ओर्देनबरोबर दरमहा थोडे पैसे मिळत, क्रास्नाया झ्वेझ्दाला १५ रूबल. १९४८ च्या सुरुवातीपासून ते बंद झाले. पुढे १९९१ नंतर चलन कोसळलं, निवृत्तिवेतनाची किंमत उरली नाही, आणि म्हाताऱ्या माणसांनी किंवा त्यांच्या मुला-नातवांनी ही पदकं मॉस्कोच्या अर्बात आणि इझमाइलोवोच्या बाजारात विकली. काही पोटासाठी विकली गेली, काही चोरीला गेली. पदकांसाठी खूनसुद्धा झाले आहेत. व्हाइस ॲडमिरल गिओर्गी खोलोस्त्याकोव हे सोव्हिएत संघाचे वीर, त्यांना आणि त्यांच्या पत्नीला १९८३ मध्ये मॉस्कोतल्या राहत्या घरी पदकांच्या चोरांनी मारलं. रशियात आजही राज्याच्या सन्मानांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, फौजदारी संहितेचं ३२४ वं कलम. सोव्हिएत काळातले सन्मानही त्यात येतात. जर्मनीत ही विक्री उघड चालते, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही हे मान्य.

मी स्वतःसाठी काही गोष्टी ठरवल्या आहेत. सुटं करून विकलेलं घ्यायचं नाही, म्हणजे एका माणसाची चार पदकं होती आणि विक्रेता ती चार गिऱ्हाइकांना देतोय असं दिसलं तर एकतर चारही घ्यायची किंवा काहीच नाही. घेतलेलं पुन्हा विकायचं नाही. आणि घरचं कुणी सापडलं, त्यांना हवं असलं, तर परत. माझ्याकडे आज सहा पदकं आहेत, अजून तरी कुणाचं घर सापडलेलं नाही.

कृष्णाकाठ

ठीक. पूर्ण पटलं नाही, पण 'परत' हा शब्द वाचून बरं वाटलं. शोध चालू ठेवा.

डॉ_व्होल्गाकाठ

मी व्होल्गोग्रादला एमबीबीएसच्या समकक्ष शिक्षण घेतलं, आता नाशिकला प्रॅक्टिस करते. तिथे दर ९ मेला, म्हणजे विजयदिनी, ममायेव कुर्गानवर, स्टालिनग्रादच्या लढाईच्या स्मारकाच्या टेकडीवर, जायचो. गर्दीत पदकं लावलेली म्हातारी माणसं फारच थोडी असायची, पण त्यांच्याभोवती लोक आपोआप जागा करून देत.

मला इथे एका वेगळ्या कागदाबद्दल लिहायचं आहे. २३ ऑगस्ट १९४१ चा संरक्षण खात्याचा २८१ क्रमांकाचा आदेश. रणांगणातून जखमींना बाहेर काढणाऱ्या परिचारक आणि डोलीवाल्यांना कोणता सन्मान द्यायचा याचं प्रमाण त्यात ठरवून दिलं आहे. १५ जखमी त्यांच्या बंदुका किंवा हलक्या मशीनगनसह बाहेर आणले तर 'झा बोयेविये झास्लुगी' (लढाईतल्या कामगिरीबद्दल) किंवा 'झा अत्वागु' (शौर्याबद्दल) हे मेडल. २५ ला क्रास्नाया झ्वेझ्दा. ४० ला रेड बॅनर. ८० ला ऑर्डर ऑफ लेनिन.

बंदुकांसह! माणूस एकटा ओढून आणायचा नाही, त्याची बंदूकही आणायची, कारण १९४१ च्या त्या महिन्यांत बंदुकाही कमी होत्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इमर्जन्सीत रात्रपाळी करत होते. बेशुद्ध पडलेला मोठा माणूस दोन वॉर्डबॉय मिळूनही स्ट्रेचरवर घेताना घामाघूम होतात. इथे विशीतल्या मुली एकट्याने, सरपटत, त्याला तळवटावर ओढून आणत होत्या. आमच्या घरमालकीणबाईंची आई त्यांतलीच. तिचं 'झा अत्वागु' कपाटात रुमालात गुंडाळलेलं असे. चांदीचं गोल, वर तीन विमानं, खाली रणगाडा, मधोमध लाल अक्षरं.

वेताळटेकडी

डॉक्टर, धन्यवाद, हा आदेश इथे यायलाच हवा होता. यामुळेच परिचारिकांच्या शिफारशींत जखमींचा आकडा हमखास दिलेला असतो.

'झा अत्वागु' शोधणाऱ्यांसाठी एक सूचना. हे मेडल रेजिमेंटचा कमांडर स्वतःच्या अधिकारात देऊ शके, क्रास्नाया झ्वेझ्दाला डिव्हिजनची सही लागे. त्यामुळे 'झा अत्वागु'साठी बहुतेक वेळा वेगळी सविस्तर शिफारस मिळत नाही. रेजिमेंटच्या आदेशात वीस-तीस नावांच्या यादीत एक-दोन ओळी असतात: अमुक दिवशी अमुक गावाजवळ काय केलं. ती ओळ शोधायला पूर्ण यादी चाळावी लागते. पण त्या यादीचं एक मोल आहे. आपल्या माणसाच्या आजूबाजूला त्याच दिवशी कोण होतं ते दिसतं.

रायगडवारी

विषयाला धरूनच आहे म्हणून लिहितो. क्रास्नाया झ्वेझ्दा दोन भारतीयांनाही मिळाला आहे, १९४४ मध्ये. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंह. इराणमधून सोव्हिएत संघाला जो माल जात होता त्या रस्त्यावर त्यांनी काम केलं. दोस्त राष्ट्रांनी रशियाला पाठवलेल्या मदतीचा सुमारे चौथा हिस्सा त्या इराणी मार्गाने गेला. २०२० मध्ये मॉस्कोजवळच्या सशस्त्र दलांच्या मुख्य चर्चशेजारच्या संग्रहालयात त्यांची नोंद झाली, तेव्हा आपल्याकडे बातम्या आल्या होत्या. सुभेदार तामिळनाडूचे, हवालदार उत्तराखंडचे.

निक्कम हे नाव वाचून मला आपले निकमच आठवले. तामिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, त्यांतलं हे असेल का, कुणाला माहिती असल्यास सांगा.

कृष्णाकाठ

हे माहीत नव्हतं. आजोबांच्या वेळच्याच फौजेतली माणसं.

नाणेवेडा

मुंबईच्या चोर बाजारात काही वर्षांपूर्वी एक पितळी पदक घेतलं होतं. वर स्टालिनचा डावीकडे बघणारा चेहरा, केशरी-काळ्या पट्ट्यांची फीत. मागे-पुढे उलटून पाहिलं, आकडा कुठेच नाही. आता काय करू?

वेताळटेकडी

ते 'जर्मनीवरील विजयाबद्दल' मेडल, ९ मे १९४५ ला जाहीर झालेलं, जवळपास दीड कोटी लोकांना मिळालेलं. स्टालिन उजवीकडे बघत असता तर ते जपानवरील विजयाचं. बर्लिन घेतल्याबद्दल, लेनिनग्रादच्या रक्षणाबद्दल वगैरे जी मेडल आहेत त्यांवरही आकडा नसतो. सोबत प्रमाणपत्र नसेल तर माणूस सापडत नाही. त्याचा शोध तुमच्या हातात येण्याआधीच संपला आहे. तरी जपून ठेवा, आणि फीत बदलू नका.

जुनी_पत्रं

वेताळटेकडी, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तो परत आला का? 'पाम्यात नारोदा'वर तुम्ही फक्त युद्धकाळातले पुरस्कार पाहिलेत असं वाटतं. तिथे जयंतीची कार्डं म्हणून वेगळी नोंद आहे, ती बघा.

कारण असं: विजयाला ४० वर्षं झाली तेव्हा, मार्च १९८५ मध्ये, हयात असलेल्या माजी सैनिकांना ऑर्डर ऑफ द पॅट्रिऑटिक वॉर देण्याचा हुकूम निघाला. हा सन्मान मुळात १९४२ चा. त्या वेळच्या नियमांत रणगाडे किती उडवले याचेसुद्धा आकडे होते, दोन जड किंवा मध्यम रणगाडे एकट्याने उडवले तर पहिला दर्जा. १९८५ ला मात्र तो हयात असण्याबद्दल मिळाला असं म्हणता येईल. पहिला दर्जा की दुसरा हे युद्धातल्या जखमा आणि तेव्हा मिळालेले सन्मान पाहून ठरलं. जमवणारे लोक १९८५ च्या पदकाला कमी लेखतात, त्यामागे लढाईची गोष्ट नसते म्हणून. पण शोधणाऱ्याला त्यातून एक गोष्ट पक्की कळते: हा माणूस तेव्हा जिवंत होता.

तुमच्या माणसाकडे क्रास्नाया झ्वेझ्दा होता. तो परतला असेल तर आधी पहिल्या दर्जात शोधा, मग दुसऱ्या. मधलं नाव आणि जन्मसाल दोन्ही टाका.

वेताळटेकडी

जुनी_पत्रं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज ऑफिस आहे, रात्री बघते.

डॉ_व्होल्गाकाठ

कळवा नक्की. मीही वाट बघतेय.

वेताळटेकडी

सापडला.

काल रात्री एकाच नावाची, एकाच मधल्या नावाची, १९२३ ची तीन कार्डं निघाली. एक उरलचा, एक लेनिनग्रादचा. तिसऱ्याचं जन्मगाव वोलोग्दा प्रांतातलं तेच खेडं, १९४३ च्या कागदावर आईच्या पत्त्यात आहे ते. पॅट्रिऑटिक वॉर, पहिला दर्जा, १९८५. बासष्ट वर्षांचा होता.

ते खेड्याचं नाव मी दोनदा अक्षर-अक्षर लावून वाचलं, कारण पहिल्या वेळी डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. दोन वर्षं मी त्याला नावेत, अंधारात, तारेची दोन टोकं धरलेलाच बघत होते. त्यापुढचं मला काही दिसत नव्हतं. आता त्याला बेचाळीस वर्षं मिळाली हे माहीत आहे.

हे दोन्ही सन्मान छातीच्या उजव्या बाजूला लावतात, शेजारी शेजारी. माझ्याकडच्या ताऱ्याचा मीना ज्या टोकाला उडाला आहे ते टोक आज पुन्हा भिंगाखाली धरून पाहिलं. कशाने उडाला ते सांगता येत नाही.

नोंदीत जिल्हा आहे, आणि त्या जिल्ह्याच्या गावी स्थानिक इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे. तिथे पाठवायचं पत्र लिहून झालंय: हा माणूस इथला, याचं घर कुणाला माहीत आहे का, त्याची एक वस्तू माझ्याकडे आहे. माझं रशियन पुस्तकी आहे आणि हे पत्र कोरडं वाटायला नको. डॉक्टर, तुमची हरकत नसेल तर आज संपर्कातून पाठवते, एकदा नजर टाकाल का?

डॉ_व्होल्गाकाठ

पाठवा. आज रात्रपाळी आहे, दोन पेशंटच्या मधे वाचते.